अल्हाम्ब्राच्या वेळेवर बेतलेली सहल: दक्षिण स्पेनच्या पहिल्या प्रवासाचं एक प्रकरण

प्रकरण आमच्या घरातलंच आहे. ताई नाशिकला कॉलेजात इतिहास शिकवते, भाऊजी बँकेतून निवृत्त झालेले, आणि भाची डब्लिनला नोकरीला. तिघांनीही स्पेन पाहिलेला नव्हता. ताई-भाऊजींनी तर युरोपच नाही. ग्रुप टूरला ताईचा ठाम नकार होता. "चाळीस मिनिटांत मशीद दाखवतील आणि दीड तास चामड्याच्या दुकानात बसवतील," हे तिचं म्हणणं. मग आखणी माझ्याकडे आली, कारण घरात हे काम नेहमी माझ्याचकडे येतं.

अटी चार होत्या. ताईला दिवाळीच्या सुट्टीतच जाता येणार होतं. 2025 ची भाऊबीज 23 ऑक्टोबरला होती, म्हणजे ओवाळून झालं की निघायचं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात परत यायचं. भाऊजींचा उजवा गुडघा कुरकुरतो. चढ चालतो, पायऱ्या उतरताना मात्र कठडा लागतो. ताई पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. भाऊजींना मासे नुसते चालत नाहीत, लागतात. आणि भाचीला आयर्लंडमध्ये ऑक्टोबरच्या शेवटच्या सोमवारची सार्वजनिक सुट्टी मिळत होती. त्याला थोडी रजा जोडून ती सेव्हियाला येऊन मिळणार होती.

भाऊजींनी माझ्याआधीच एक्सेलमध्ये तक्ता केला होता. माद्रिद, तोलेदो, कोर्दोबा, सेव्हिया, कादिस, जिब्राल्टर, रोंदा, मालागा, ग्रानादा, आणि जमलं तर बोटीने पलीकडे मोरोक्कोत तांजिअर. प्रत्येक ओळीपुढे किलोमीटर. "कुठलंही अंतर अडीच-तीन तासांच्या पुढे नाही," हा त्यांचा मुद्दा, आणि नकाशावर तो खोटा नव्हता.

तक्त्यातून काय गळलं

सगळ्यात आधी जिब्राल्टर आणि तांजिअर. इथे वादालाही जागा नव्हती. पहिल्यांदा जाणाऱ्याला शेंगेन व्हिसा, म्हणजे आपसात सीमेवरची तपासणी नसलेल्या युरोपीय देशांचा सामाईक व्हिसा, बहुतेक एकाच प्रवेशाचा मिळतो. जिब्राल्टर ब्रिटिश प्रदेश, तांजिअर मोरोक्को. 2025 मध्ये यातल्या कुठेही पाऊल टाकलं की तुम्ही शेंगेनबाहेर जात होतात, आणि परत आत यायला व्हिसा उरत नव्हता. शिवाय त्या दोन ठिकाणच्या प्रवेशाच्या अटी वेगळ्या. भाऊजींनी त्या दोन ओळी लाल केल्या, पण पुसल्या नाहीत.

रोंदा आणि कादिस गळायला जास्त वेळ लागला. रोंदाचा तो खोल दरीवरचा अठराव्या शतकातला पूल भाऊजींनी व्हिडिओत इतक्यांदा पाहिला होता की तो वगळणं त्यांना अपमानास्पद वाटत होतं. इथे रुळांचा नकाशा समोर ठेवावा लागला. 1992 मध्ये सेव्हियात जागतिक प्रदर्शन भरलं, त्या निमित्ताने माद्रिद ते सेव्हिया हा स्पेनचा पहिला वेगवान रेल्वेमार्ग सुरू झाला, आणि तो कोर्दोब्यातून जातो. म्हणून माद्रिदहून कोर्दोबा पावणेदोन तासांत, आणि कोर्दोब्याहून सेव्हिया पाऊण तासात. 2007 मध्ये मालाग्याचा फाटा झाला, 2019 मध्ये ग्रानादापर्यंत वेगवान गाडी पोचली. या मार्गावरची शहरं एकमेकांच्या शेजारी आल्यासारखी झाली. रोंदा मात्र डोंगरात, या मार्गापासून बाजूला. सेव्हियाहून जाऊन-येऊन चार तास बसमध्ये, मधे गाव पाहायला चार-पाच तास, आणि दिवस संपला. तो दिवस सेव्हियाचा कापून द्यायचा होता. ताईने एकच प्रश्न विचारला, "पूल पाहून झाल्यावर तिथे काय करायचं?" भाऊजी म्हणाले, "पुलाचा फोटो काढायचा." रोंदा गेलं.

तोलेदोही गेलं, जरा जड मनाने. ते दक्षिणेत येत नाही, हे कारण पुढे केलं.

उरली चार शहरं: कोर्दोबा, सेव्हिया, ग्रानादा, मालागा. दहा रात्रींत चार शहरं म्हणजे आळशीपणा, असं भाऊजींचं पहिलं मत. पण हॉटेल बदलायचा दिवस हा अर्धा दिवस असतो, हे त्यांनी आकडेमोड करून स्वतःच मान्य केलं: सकाळी अकराला खोली सोडायची, तिकडची खोली तीनला मिळणार, मधे बॅगा कुठे ठेवायच्या याची चिंता. नऊ ठिकाणांच्या तक्त्यात असे अर्धे दिवस मोजले तर जवळजवळ निम्मी सहल बॅगा ओढण्यात जात होती.

आधी काय पक्कं करायचं

बहुतेक लोक विमानापासून सुरुवात करतात. मी सुरुवात अल्हाम्ब्राच्या, म्हणजे ग्रानादाच्या मुस्लिम राजांच्या टेकडीवरच्या किल्ल्यातल्या, नसरी महालांच्या तिकिटापासून केली. नसरी हे त्या राजघराण्याचं नाव. सहलीतली ती सगळ्यात स्वस्त गोष्टींपैकी एक आणि सगळ्यात ताठर. अल्हाम्ब्राच्या परिसरात दिवसभर फिरता येतं, पण नसरी महालांत शिरायची वेळ तिकिटावर छापलेली असते. त्या अर्ध्या तासात दारात पोचलात तर आत, नाही तर नाही. रोज आत सोडायच्या लोकांची संख्या ठरलेली आहे, तिकिटं महिनोन्महिने आधी विक्रीला येतात, आणि हंगामात आठवडे आधी संपतात. तिकीट नावावर असतं, पासपोर्ट क्रमांक द्यावा लागतो, आणि दारावर मूळ पासपोर्ट पाहतात.

इथे नवख्याची एक फसगत होते. संकेतस्थळावर बागा, हेनेरालिफे हा उन्हाळी महाल आणि अल्कासाबा किल्ल्याचं वेगळं, स्वस्त तिकीट असतं. नसरी महालांची तिकिटं संपली की तेच दिसत राहतं, लोक आनंदाने घेतात, आणि ज्यासाठी एवढे लांब आले ते नसरी महालांतलं सिंहांचं अंगण पाहायचंच राहतं. तिकिटाच्या नावात महालांचा उल्लेख आहे ना, हे दोनदा पाहावं. आणि अधिकृत विक्रीच्या जागेसारखी दिसणारी, वर पैसे लावणारी दुकानंही इंटरनेटवर पुष्कळ आहेत.

व्हिसा हातात नसताना हे तिकीट काढावं का, यावर आमच्याकडे रीतसर चर्चा झाली. भाऊजी बँकवाले, जोखीम मोजायची सवय. तिघांची तिकिटं मिळून रुपयांत सहा-सात हजारांच्या घरात. व्हिसा नाकारला गेला तर तेवढे बुडाले. उलट व्हिसाची वाट पाहिली आणि तिकिटं संपली, तर लाखांचा खर्च करून ग्रानादाला जाऊन भिंत बाहेरून पाहायची. "काढून टाक," ते म्हणाले, "हा विम्याचा हप्ता समज." जुलैत 31 ऑक्टोबर, शुक्रवार, सकाळी दहाची वेळ मिळाली. हॉटेलं, गाड्या, बाकीची तिकिटं त्यानंतर त्या दहाच्या भोवती बसवली.

मग क्रम. माद्रिदहून आधी ग्रानादा गाठून उलटं फिरता आलं असतं. तिथली तिकिटंही होती. ताईने कागदावर सालं मांडली आणि क्रम तिथेच ठरला. कोर्दोब्याच्या मेस्कितेचं, म्हणजे आता कॅथेड्रल असलेल्या मोठ्या मशिदीचं, बांधकाम 785 च्या सुमारास पहिल्या अब्द अल-रहमानने सुरू केलं. सेव्हियाचा हिराल्दा मनोरा, मूळचा मशिदीचा, बाराव्या शतकाच्या अखेरचा, अल्मोहाद या मुस्लिम राजघराण्याचा. सेव्हियाच्या अल्कासार या राजवाड्यातला ख्रिस्ती राजा पेद्रोचा महाल 1360 च्या दशकातला. ग्रानादाचं सिंहांचं अंगण त्याच सुमाराचं, पाचव्या मुहम्मदाने बांधलेलं. हा मुहम्मद पेद्रोचा दोस्त, आणि पेद्रोच्या महालावर ग्रानादाचे कारागीर राबले होते. शेवटी 2 जानेवारी 1492 ला ग्रानादा हे स्पेनमधलं शेवटचं मुस्लिम राज्य ख्रिस्ती राजांच्या हाती पडलं. म्हणजे कोर्दोबा, सेव्हिया, ग्रानादा या क्रमाने गेलं तर गोष्ट सुरुवातीपासून शेवटापर्यंत सरळ वाचली जाते. उलटं गेलं तर सगळ्यात नाजूक कोरीवकाम आधी पाहून झालेलं असतं आणि मग हजार वर्षांपूर्वीच्या कमानी साध्या वाटायला लागतात. प्रवासाच्या साइट्सवर हा विचार क्वचित दिसतो. तिथे शहरं गाड्यांच्या सोयीने लावलेली असतात. इथे सुदैवाने गाड्यांची सोयही तीच होती.

विमान जाताना माद्रिद आणि येताना मालागा असं घेतलं, म्हणजे परत माद्रिदला यायचा एक दिवस आणि एक रेल्वेभाडं वाचलं. तिकीट शोधताना 'मल्टी-सिटी' निवडलं की असं जमतं, आणि भाडं साध्या परतीच्या तिकिटाच्या आसपासच येतं. दोन्हीकडून म्युनिकमार्गे.

व्हिसा

यावर फार लिहीत नाही, कारण माहिती सगळीकडे आहे. पण या प्रकरणात तीन गोष्टी महत्त्वाच्या ठरल्या.

पहिली: विमान आधी म्युनिकला उतरत असलं तरी अर्ज स्पेनकडेच करायचा, कारण सगळ्यात जास्त मुक्काम स्पेनमध्ये. प्रवेशाची नोंद मात्र जर्मनीत होते, कारण शेंगेनचं दार तेच. 12 ऑक्टोबर 2025 पासून बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन प्रवेश नोंदवायची नवी पद्धत युरोपात टप्प्याटप्प्याने सुरू होणार होती, त्यामुळे म्युनिकला विमान बदलायला भरपूर वेळ असलेलाच पर्याय घेतला.

दुसरी: भाचीचा समज होता की आयर्लंड युरोपीय संघात आहे म्हणजे स्पेनला तसंच जाता येईल. आयर्लंड शेंगेनमध्ये नाही. भारतीय पासपोर्टवर तिथे नोकरी करणाऱ्यालाही स्पेनसाठी वेगळा व्हिसा लागतो, आणि तो तिने डब्लिनहून काढायचा. "मामा, ऑफिसातले सगळे नुसती बॅग उचलून जातात," असं म्हणत तिने अर्ज भरला.

तिसरी: अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि निर्णयाला साधारण पंधरा दिवस, पण पंचेचाळीसपर्यंतही लागू शकतात. गणपतीच्या आधी अर्ज गेला पाहिजे, ही मुदत मी घालून दिली. शुल्क 90 युरो, शिवाय केंद्राचं वेगळं. किमान 30,000 युरोचा प्रवासी आरोग्य विमा सक्तीचा. हॉटेलं सगळी फुकट रद्द करता येणारी घेतली होती. दिवसवार कार्यक्रमाच्या कागदात अल्हाम्ब्राची तिकिटं जोडली. त्याने अर्जाला वजन आलं की नाही हे सांगता येत नाही, पण व्हिसा आला.

घड्याळ

या सहलीच्या आखणीत मला खरा रस इथे वाटला. शहरं, हॉटेलं, गाड्या हे सगळं दोन-चार रात्री जागून जमतं. पण स्पेनमध्ये घड्याळ आपल्याला आडवं येतं, आणि ते आधी मांडून पाहावं लागतं.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपात घड्याळं एक तास मागे जातात. 2025 मध्ये तो रविवार 26 ऑक्टोबर, म्हणजे ताई-भाऊजींची स्पेनमधली पहिलीच सकाळ. शनिवारी भारताशी फरक साडेतीन तास, रविवारपासून साडेचार. नाशिकला सकाळी सहाला उठणारं शरीर तिथे रात्री दीडला टक्क जागं. आणि स्पॅनिश माणूस रात्री नऊला जेवायला बसतो तेव्हा नाशिकमध्ये मध्यरात्र उलटून दीड वाजलेला. हॉटेलांचं स्वयंपाकघर दुपारी साधारण दीड ते चार चालतं, मग बंद, आणि संध्याकाळी साडेआठच्या आधी जेवण मागितलं तर वेटर नम्रपणे आश्चर्य व्यक्त करतो.

याच्याशी भांडण्यात अर्थ नाही, फायदा घ्यावा. पहाटे जागं असलेलं शरीर सकाळी पहिल्या वेळेला स्मारकाच्या दारात उभं राहू शकतं, जेव्हा गटांच्या बसेस अजून वाटेत असतात. म्हणून नियम केला: रोजचं मोठं काम सकाळी, मोठं जेवण दुपारी दोनला (आपले साडेसहा वाजलेले, भूक बरोबर लागते), मग विश्रांती, सहाला पुन्हा बाहेर, काहीतरी हलकं खाऊन नऊला झोप. दुपारी 'मेनू देल दिआ' नावाची ठरीव किमतीची थाळी बऱ्याच ठिकाणी मिळते, आणि ती रात्रीच्या जेवणापेक्षा स्वस्त पडते.

वारही तपासावे लागले. कोर्दोब्याच्या मेस्कितेत सोमवार ते शनिवार सकाळी साडेआठ ते साडेनऊ मोफत प्रवेश असतो, आणि त्या तासात गट सोडत नाहीत. रविवारी तो तास नाही, कारण प्रार्थना. ताई-भाऊजी शनिवारी रात्री पोचणार, म्हणून मेस्किता सोमवारी सकाळी ठेवली आणि सेव्हियाची गाडी त्याच दुपारची घेतली. रविवार मोकळा: रोमन पूल, ज्यूंची जुनी वस्ती, आणि झोप. मोठी दुकानं रविवारी बंद, म्हणून दही, फळं, ब्रेड शनिवारी रात्रीच घ्यायचं. मालाग्यातलं पिकासो संग्रहालय रविवारी शेवटचे दोन तास मोफत असतं. ग्रानादाहून बस त्या हिशेबाने दुपारची. ही जुळवाजुळव तासाभराची, पण ती न करता गेलेली माणसं बंद दारापुढे उभी राहिलेली मी फोटोंतून पाहिली आहेत.

राहायच्या जागा गुडघ्यावरून ठरल्या. ग्रानादात सगळे अल्बाइसिन टेकडीवर राहा म्हणतात. समोर अल्हाम्ब्रा दिसतो, खरं आहे. पण तिथल्या गल्ल्या चढाच्या, गोट्यांच्या फरसबंदीच्या, आणि टॅक्सी दारापर्यंत जाईलच असं नाही. आम्ही खाली सपाट भागात, कॅथेड्रलजवळ खोली घेतली. टेकडीवर छोट्या बसेस जातात, त्यांनी संध्याकाळी वर जायचं आणि त्यांनीच उतरायचं.

जेवणासाठी भाचीने एक चिठ्ठी लिहून मोबाइलवर पाठवली: मांस नको, हामोन (डुकराचं खारवून सुकवलेलं मांस) नको, ट्यूना मासा नको, अंडं नको. प्रत्येक शब्द वेगळा लिहिणं गरजेचं होतं. नुसतं 'शाकाहारी' म्हटलं तर सॅलडवर ट्यूना येतो आणि भाजीत हामोनचे तुकडे. त्यांच्या लेखी ती चव झाली, मांस नव्हे. कोर्दोब्याचं साल्मोरेखो, टोमॅटो-ब्रेडचं थंड दाट सार, वर अंडं आणि हामोन भुरभुरून देतात. ते न घालता सांगितलं की ताईच्या उपयोगाचं. सेव्हियात पालक-काबुली चण्याची भाजी मिळते, जिरं घातलेली. तळलेल्या वांग्यांवर उसाची काकवी. चुरोस निव्वळ पीठ-पाण्याचे. उपाशी राहायची भीती नव्हतीच. फराळाच्या डब्यातून पेढे आणि तुपाची बरणी मात्र मी काढायला लावली, कारण युरोपीय संघात बाहेरून दूध-मांसाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत. चकल्या, चिवडा आणि मेतकूट गेलं.

प्रत्यक्षात

माद्रिदला शनिवारी दुपारी उतरल्यावर संध्याकाळची गाडी घेतली होती, मधे चार-साडेचार तास सोडून. भाऊजींना हे फार वाटलं होतं. विमानतळाहून पिवळी बस आतोचा स्टेशनला नेते, स्टेशनवर सामान यंत्रातून तपासतात, फलाट शेवटच्या क्षणी जाहीर होतो. त्यातले दोन तास सहज गेले आणि उरलेले बाकावर झोपण्यात.

सोमवारी साडेआठला मेस्किता. ताईने नंतर फोनवर जे सांगितलं ते सगळं खांबांबद्दल होतं. साडेआठशेच्या वर खांब आहेत, आणि सुरुवातीच्या भागातले जुन्या रोमन आणि व्हिसिगॉथ इमारतींतून उचलून आणलेले. उंची सारखी नाही, म्हणून कुणाखाली बैठक आहे, कुणी तसाच जमिनीतून वर आलेला. एक गुळगुळीत, शेजारचा पीळ दिलेला. माथ्यांची नक्षी तर कुणाची कुणाशी जुळत नाही. आणि खांब आखूड पडले म्हणून वर एकावर एक दोन कमानी, लाल वीट आणि पांढरा दगड आलटून-पालटून. "जुन्या सामानातून घर उभं करणाऱ्याची अक्कल आहे ती," ती म्हणाली. मग मधोमध सोळाव्या शतकात घुसवलेलं कॅथेड्रल. त्याबद्दल तिचं मत मी इथे लिहीत नाही. सव्वानऊच्या पुढे रखवालदार मोफतवाल्यांना हलकेच दाराकडे वळवायला लागतात. तोवर त्यांचं पाहून झालं होतं.

सेव्हियात भाची भेटली. इथे गुडघ्याने आश्चर्याचा धक्का दिला. हिराल्दा चढायचाच नाही असं भाऊजींनी धरून ठेवलं होतं, मनोरा शंभर मीटरच्या वर. पण त्याच्या आत जिना नाही, उतरण आहे: पस्तीस वळणांचा चढता उतार, बांग देणाऱ्याला घोड्यावरून वर जाता यावं म्हणून केलेला. फक्त शेवटी थोड्या पायऱ्या. भाऊजी दम खात वर गेले, आणि मुख्य म्हणजे न कण्हता खाली आले. हे मला आधी माहीत होतं, म्हणून तिकीट हिराल्दासकट घेतलं होतं. त्यांना मुद्दाम सांगितलं नव्हतं, नाही तर त्यांनी आधीच नकार देऊन ठेवला असता.

अल्कासार दुसऱ्या दिवशी, पहिल्या वेळेचं. कॅथेड्रल आणि अल्कासार समोरासमोर आहेत म्हणून एका दिवसात उरकावेत असं कुणीही सुचवेल. ऐकू नये. बुधवारी दुपारी पाऊस लागला, प्लासा दे एस्पान्या हा भव्य चौक पाहायचा राहिला, आणि तिघं इंडीजच्या अभिलेखागारात शिरली. कॅथेड्रलला लागूनच ही इमारत, प्रवेश मोफत. स्पेनच्या अमेरिकेतल्या साम्राज्याची कागदपत्रं 1785 पासून इथे एकत्र केली आहेत. ताई तिथून बाहेर निघेना. त्या रात्री सातचा फ्लामेंकोचा प्रयोग होता, आपले साडेअकरा. भाऊजी दुसऱ्या रांगेत, पायांच्या त्या सगळ्या आवाजात, बसल्या बसल्या झोपले. सातच्या आधीचा प्रयोग मिळत नव्हता. मिळाला असता तरी निकाल तोच.

सेव्हिया ते ग्रानादा हा एकमेव लांबचा प्रवास, तीनेक तास. शुक्रवारी पावणेनऊला छोट्या बसने वर, पावणेदहाला नसरी महालांच्या रांगेत. वरच्या प्रवेशद्वारापासून महालांपर्यंत पंधरा-वीस मिनिटं चालावं लागतं, ही गोष्ट तिकिटावरच्या वेळेत धरलेली नसते. रांगेत त्यांच्यासमोर एक जोडपं दहा-पंधरा मिनिटांनी चुकलेलं. रखवालदाराने नुसतं तिकिटावरच्या आकड्यावर बोट ठेवलं. आत शिरल्यावर मात्र कुणी हाकलत नाही. कोमारेसच्या दालनाचं लाकडी छत आठ हजारांहून जास्त तुकड्यांचं आहे. ते पाहायला भाची चक्क जमिनीवर बसली. सिंहांच्या अंगणात पाणी दालनांच्या आतून, जमिनीत कोरलेल्या अरुंद पाटातून येऊन मधल्या कारंज्याला मिळतं. कारंज्याच्या कडेवर इब्न झम्रक या दरबारी कवी-वजिराच्या ओळी कोरलेल्या आहेत. नंतर अल्कासाबाचा बुरूज भाऊजींनी सोडला आणि पाचव्या कार्लोस राजाच्या महालाच्या गोल अंगणात बसून चकल्या खाल्ल्या. हेनेरालिफेच्या बागा शेवटी, सावकाश.

ग्रानादात पेय मागितलं की सोबत खाण्याची छोटी बशी फुकट येते. ती बहुधा मांसाची किंवा माशाची असते, आणि भाऊजींनी ताईच्याही बश्यांचा भार उचलला.

मालाग्यात रविवारी पिकासोची रांग लांब होती पण सरकती. भाची त्याच संध्याकाळी डब्लिनला परतली. सोमवार पूर्ण समुद्राचा: वाळूने भरलेल्या होडीत विस्तव करून काठीला ओवलेल्या तारल्या भाजतात, त्या भाऊजींनी खाल्ल्या. तेवढ्या एका जेवणावर त्यांनी रोंदा माफ केलं, असं ते स्वतः म्हणतात. तक्त्यातली तीही ओळ अजून लाल आहे, पुसलेली नाही.

ताईची तक्रार वेगळी. कोर्दोब्याबाहेर मदिनात अल-झहरा आहे, 936 च्या सुमारास सुरू झालेली खलिफाची राजधानी, शतकही न टिकता उद्ध्वस्त झालेली. रविवारी सकाळी ती उघडी असते. प्रवासानंतरची पहिलीच सकाळ आणि उन्हातली चाल म्हणून मी ती कार्यक्रमात ठेवली नव्हती. ताईच्या मते मालाग्याची एक रात्र कापून कोर्दोब्याला द्यायला हवी होती. भाऊजींच्या मते मालाग्याला हात लावायचं कारण नाही. माझं मत ताईच्या बाजूने, पण तारल्या मी खाल्लेल्या नाहीत.

हाच तक्ता मे महिन्यात

आता भाऊजींचे मित्र हाच तक्ता मागतायत, पण त्यांना नातवंडांच्या शाळेच्या सुट्टीत, एप्रिल-मेमध्ये जायचंय. तो जसाच्या तसा चालणार नाही. ईस्टरच्या आधीचा आठवडा सेव्हियात मिरवणुकांचा, आणि त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी तिथली मोठी जत्रा; 2026 मध्ये ती 21 ते 26 एप्रिल. त्या दिवसांत खोल्यांचे दर भलतेच चढतात आणि जुन्या शहरात बॅग ओढत शिरणंही अवघड होतं. मेच्या पहिल्या पंधरवड्यात कोर्दोब्यात घरांची फुलांनी सजवलेली अंगणं लोकांना खुली करतात. ते पाहायचं तर कोर्दोब्याला तीन रात्री द्याव्यात आणि हॉटेल अल्हाम्ब्राच्या तिकिटाबरोबरच, त्याच दिवशी पक्कं करावं. जून उजाडायच्या आत परत फिरावं. कोर्दोबा प्रांतात ऑगस्ट 2021 मध्ये पारा 47 अंशांच्या वर गेला होता, आणि नुसत्या उन्हाळ्यातही दुपारी तिथे कुणी रस्त्यावर दिसत नाही. अल्हाम्ब्रा एप्रिलपासून संध्याकाळी आठपर्यंत उघडा असतो, तेव्हा दुपारी उशिराची वेळही चालेल. घड्याळाचा फरक साडेतीनच तासांचा, म्हणून रात्रीचं जेवण थोडं जमू शकेल. नातवंडं असतील तर नसरी महालांच्या वेळेच्या किमान एक तास आधी वर पोचायचं, आणि मुलांचीही तिकिटं त्यांच्या पासपोर्टवरच्या नावाने काढायची. लहान मुलाचं तिकीट फुकट असलं तरी ते काढावं लागतं.